लाल की पिवळा

४ जुलै, शुक्रवार

एक माणूस गेला.

छातीत कळ आली म्हणून त्याने रुग्णवाहिकेला फोन केला. गाडी पोचली तेव्हा स्वयंपाकघराच्या फरशीवर पडला होता. डॉन ऑरोस्मान. म्हातारा, म्हणून आदराने डॉन. सेर्रो टेकडीच्या चढावर एकटाच राहायचा, पूर्वी मांसाच्या कारखान्यात होता म्हणे.

कुठली गाडी कुठे आणि किती घाईने जाईल हे ठरवणारा प्रोग्राम आमचा. म्हणजे मालक फर्मिन, वॉशिंग्टन आणि मी, आम्ही तिघांनी लिहिलेला. फोन घेणारी बाई तीनपैकी एक रंग दाबते. लाल म्हणजे लगेच. पिवळा म्हणजे जमेल तसं. हिरवा म्हणजे थांबलं तरी चालेल. डॉन ऑरोस्मानची गाडी पिवळ्यावर निघाली.

फर्मिन म्हणाला, "बाईने चुकीचं बटण दाबलं. आपला काही संबंध नाही." दोनदा म्हणाला. कोणी विचारलंसुद्धा नव्हतं!

५ जुलै

जेवण गेलं नाही. दिवसभर पाऊस. खालच्या मजल्यावरून तळलेल्या पुऱ्यांचा वास येत होता, खिडकी लावून घेतली.

७ जुलै, सोमवार

फोन घेणाऱ्या बाईचं नाव निबिया. निवृत्तीला आलेली आहे. तिला घरी बसवलंय. रुग्णवाहिका चालवणाऱ्या आरोग्यसंस्थेने चौकशीला समिती नेमली, त्या समितीपुढे निबिया एकच वाक्य बोलली — "कुठलं बटण दाबलं, आठवत नाही."

आमच्या प्रोग्राममध्ये तरी कुठे लिहिलंय? गाडीवाल्याला शेवटी जो रंग दिसला तेवढाच साठवतो आम्ही. बाईने काय दाबलं ते नाही. जागा वाचते, असं ठरलं होतं तेव्हा. जागा!

वॉशिंग्टन कडू माते चहा पोखरलेल्या भोपळ्यात भरता भरता म्हणाला, "म्हातारी घाबरलीय गं. घाबरलेला माणूस स्वतःचं नावही विसरतो. माझ्यासारखं नाव असेल तर बरंच आहे विसरलेलं!" नाव राजधानीचं आणि नशीब खेड्याचं, हा त्याचा नेहमीचा विनोद. आज हसले नाही. त्याने तो भोपळा माझ्या हातात दिला.

८ जुलै

फोनचं ध्वनिमुद्रण ऐकलं. फर्मिन नको म्हणत होता.

"मी ऑरोस्मान, बाई. परत मीच."

"बोला डॉन ऑरोस्मान. आज काय?"

"आज वेगळं आहे. हात जड झालाय."

"पाठवते हं. बसून राहा. दार उघडं ठेवा."

मग बटणाचा टक्क आवाज. कुठलं ते आवाजावरून कसं कळणार? तरी पुन्हापुन्हा ऐकत राहिले. वेडी झाले बहुतेक.

त्याने दार उघडं ठेवलं होतं.

१० जुलै

प्रोग्राममध्ये चूक शोधतेय, काही सापडत नाही. सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास! प्रोग्राम म्हणतो, मी ठीक आहे. इतका राग आला की स्क्रीनला शिवी दिली. शेजारच्या ऑफिसातल्या वकिलाने भिंत ठोकली.

इतकी वर्षं हे काम करतेय आणि आतून अजून तीच भीती. एक दिवस कोणीतरी दारात उभं राहून म्हणेल, बाई, उठा, तुम्हाला हे कधीच येत नव्हतं. ते कोणीतरी आता आलंय असं वाटतं.

११ जुलै

पायसांदूहून आईचा फोन. "प्रिंटर कागद गिळतोय गं इरिस. तू कॉम्प्युटरवाली ना!" म्हटलं, आई, मला प्रिंटरमधलं काही कळत नाही. म्हणाली, "मग रोज तिथे बसून करतेस तरी काय?"

ठेवल्यावर रडले.

१४ जुलै, सोमवार

सापडलं!!

दुपारी. खरी माहिती घालून बघायचं सुचलं — डॉन ऑरोस्मानचाच फोन नंबर, त्याच्या आधीच्या सगळ्या फोनांसकट. लाल दाबला. गाडीवाल्याच्या पडद्यावर पिवळा आला! परत दाबला. परत पिवळा! दुसऱ्या नंबरवरून लाल दाबला तर लालच. मी खुर्चीवरून उडाले, ओरडले, वॉशिंग्टनला मिठी मारली. इतका आनंद, की डोकं एकदम हलकं, सगळं लख्ख. या एका क्षणासाठीच तर हे काम करतो आपण.

मग वॉशिंग्टनचा चेहरा बघितला.

माणूस मेलाय आणि मी नाचत होते.

१५ जुलै

एकच नियम आहे. एखाद्या नंबरवरून बऱ्याचदा फोन आले आणि दरवेळी काही निघालं नाही, तर लालचा पिवळा कर. बाकी रंगांना हात लावायचा नाही. फोन घेणाऱ्या बाईला कळतही नाही, तिच्या पडद्यावर तोवर पुढचा फोन आलेला असतो.

कोणी लिहिलं हे, म्हणून शोधलं. प्रत्येक ओळीशेजारी लिहिणाऱ्याचं नाव असतंच.

माझं नाव.

मला आठवत नाही! खरंच आठवत नाही. संस्थेच्या कुणा साहेबाने मागितलं असेल, "उगाच फोन करणारे" म्हणून. एखाद्या सकाळी लिहिलं असेल, चाचणी हिरवी झाली असेल, खाली जाऊन कॉफी प्यायले असेन. चूकही नाही ती. जे मागितलं तेच, नेमकं तेच करतेय ती ओळ. बग असता तर बरं झालं असतं.

१६ जुलै

फर्मिनला सांगितलं, समितीलाही सांगणार म्हणून. त्याने आधी दार लावून घेतलं.

"हे बघ इरिस. तिने लाल दाबला होता हे तुला माहीत आहे?"

"दाबला असेल तर पिवळाच झाला असता."

"असेल तर! आणि पिवळा दाबला असेल तरी पिवळाच. मग? कशाला स्वतःच्या पायावर धोंडा?"

"तिची नोकरी जातेय फर्मिन. सगळं तिच्यावर ढकललंय."

"आणि आपली तिघांची? वॉशिंग्टनची मुलगी अजून रांगतेय. त्याला सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं.

१७ जुलै

सांगितलं. वॉशिंग्टन खिडकीपाशी गेला. मग म्हणाला, "जा. पण मला समितीपुढे सोबत ये म्हणू नकोस."

१८ जुलै

निबियाच्या घरी फोन केला. बहिणीने उचलला. "ती कोणाशी बोलत नाही, बाई. जेवतसुद्धा नाही." माझं नाव सांगायचं धैर्य झालं नाही.

२१ जुलै, सोमवार

समितीपुढे गेले. लांबलचक टेबल, तीन डॉक्टर, संस्थेचा एक वकील. लॅपटॉप उघडून दाखवलं — लाल दाबते, हा बघा पिवळा. एक डॉक्टरीणबाई म्हणाली, "परत दाखवा." परत दाखवलं. ती चष्मा काढून डोळे पुसायला लागली.

वकिलाने विचारलं, "ही ओळ कोणाची?"

"माझी."

बाहेर आले, नदीकाठच्या रांब्ला रस्त्यावर जाऊन कठड्यावर बसले. नदी मातकट, वारा असा की कान दुखले. हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

२५ जुलै

संस्थेचं कंत्राट गेलं. फर्मिन कंपनी बंद करतोय. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "त्या माणसाला काही परत आणलं नाहीस. आम्हाला मात्र बुडवलंस."

वॉशिंग्टनने आपला थर्मास पिशवीत टाकला आणि माझ्याकडे न बघता गेला. पायऱ्यांवरून त्याची पावलं ऐकत राहिले.

जाण्याआधी एक काम केलं. ती ओळ पुसली. लाल दाबला — लाल आला. कोणीच नव्हतं बघायला.

२८ जुलै

समितीचा निकाल. दोष प्रोग्रामचा. निबिया निर्दोष, सन्मानाने कामावर परत.

तेवढं एक तरी झालं. दिवसभर अंथरुणातच होते, पण तेवढं एक झालं, असं म्हणत होते.

२ ऑगस्ट, शनिवार

सकाळी दारावर थाप. ठेंगणी, राखी कोट, हातात कापडात बांधलेला केक. "मी निबिया. तुझा पत्ता त्या डॉक्टरीणबाईंकडून घेतला."

बसली नाही. केकही हातातच धरून उभी.

"मी पिवळा दाबला होता, पोरी. मला आठवतंय. पहिल्या दिवसापासून आठवतंय. याचं रोजचंच आहे, असं वाटलं मला."

मग म्हणाली, "आता तू सांग, मी काय करू?"