न्देसारियोचं तोंड कुठल्या शिखराकडे

त्या सकाळी मी गाईसाठी केळीचा बुंधा चिरत होते. दूध काढून झालं होतं, चुलीवर केळी शिजत होती, अंगण झाडायचं राहिलं होतं. तुमचा फानुएली पाहुण्यांना डोंगर चढवून परत येताना नेहमीसारखा दारात डोकावला. मी मान वर न करता म्हटलं, "फानुएली, मला किबोवर ने, पार शिखरावर." तो इतका हसला की गाईने रवंथ थांबवला. पण थांबा, वन्सं, या घाईत नमस्कार राहिलाच. मोठ्या वन्सं मांका यांना, डोंगराच्या खालच्या बाजूला उभं राहून, धाकट्या भावजयीचा नमस्कार. दारेसलामला उकाडा कसा आहे? गुडघे काय म्हणतात? (दोन वर्षं तुम्ही माझा फोन उचलत नाही, तेव्हा कानाचाही काही त्रास असावा असं मी धरून चालले आहे. म्हणून हे पत्र.)

हसून झाल्यावर फानुएली म्हणाला, "मामी, आई हो म्हणाली तर नेतो." लबाड आहे. आई हो म्हणणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक. पण मला वर का जायचंय हे तुमच्याइतकं कुणालाच कळणार नाही. तुमच्या भावाला, न्देसारियोला, केळीच्या बागेत पुरलं त्या दिवशी डोंगर ढगात होता, आणि पुरताना तोंड तर किबोकडेच हवं. गवंडी किरीटा (केळ्याच्या दारूचे दोन भोपळे आधीच रिचवलेले) थापी ढगात रोखून म्हणाला, "किबो तिकडे." चार माणसांनी चार दिशा दाखवल्या आणि शेवटी ज्याच्या हातात सिमेंट त्याचं खरं झालं. तुमची बस उशिरा आली. तुम्ही फाटकातून आत यायला आणि ढग क्षणभर फाटायला एकच गाठ पडली, आणि तुम्ही साऱ्या भाऊबंदांसमोर ओरडलात, "अगं बाई, माझ्या भावाचं तोंड त्या धाकट्या शिखराकडे, मावेन्झीकडे केलंत! आपल्या चुलीत विस्तव नाही म्हणून रोज किबोच्या दारात हात पसरणारा तो मावेन्झी! किबोच्या मुसळाचा मार खाऊन दात पडलेला!" तेव्हापासून तुम्ही आला नाहीत. वर्षश्राद्धालाही नाही. आणि तेव्हापासून मला एकच प्रश्न पडतो, की तीस वर्षं किबोवर लोकांचा स्वयंपाक करून आलेला माणूस आता आडवा पडून कुणाकडे बघतोय? पाद्रीबाबांना विचारलं. ते म्हणाले, स्वर्ग सगळ्याच दिशांना असतो. असेल. पण घराचं दार एकाच दिशेला असतं. सिमेंट फोडायला ते तयार नाहीत. मग मी ठरवलं, त्याला वळवता येत नाही तर आपणच वर जावं आणि किबोला सांगावं, बाबा, त्या दिवशी ढग होते, तूच जरा मान वळव.

आता तयारीचं ऐका. फानुएली म्हणाला, आधी सराव करू. निघालो, तर हा पोरगा पुढे! म्हणजे माझ्या वर! मी तिथेच थांबले. "मामीच्या डोक्यावरून चालतोस? किबोच्या बाजूला मोठ्या माणसाने असायचं हे आईने शिकवलं नाही?" (माफ करा, तुमचं नाव घ्यावं लागलं.) बिचारा मुकाट्याने मागे आला. मग मी पुढे, वाटाड्या मागे, आणि वाट मला माहीत नाही. त्याने मागून "डावीकडे, मामी" म्हणेपर्यंत आम्ही शेजारणीच्या बकऱ्यांच्या गोठ्यात शिरलो होतो. माझ्या पाठीवर सरावासाठी घेतलेली मक्याच्या पिठाची पिशवी पाहून ती म्हणाली, "ऐकाएली, घर बदलतेस होय?" आता असं ठरलंय की तो पुढे चालेल, पण तिरका, आणि मधून मधून वळून माफी मागेल. वरपर्यंत त्याची मान राहिली तर बरं.

बूट तुमच्या भावाचेच घेतले आहेत. पुढे वर्तमानपत्र कोंबते. (मला वाचायला शिकवलं प्रार्थनेच्या पुस्तकाने आणि असल्याच वर्तमानपत्रांनी, त्यामुळे कोंबण्याआधी वाचून घेते आणि उशीर होतो.) फानुएलीने एक पुस्तिकाही दिली आहे, उंचीवर हवा विरळ होते त्याबद्दलची. ती वाचल्यापासून माझा धीरच सुटला. त्यात लिहिलंय, डोकं दुखतं, जेवण जात नाही, झोप लागत नाही, उगाच चिडचिड होते, पाऊल जड होतं. अशी लक्षणं दिसली तर ताबडतोब खाली उतरावं. वन्सं, हे सगळं मला दोन वर्षं घरातच होतंय. आता घराच्या खाली कुठे उतरू? दवाखान्यातल्या नर्सला विचारलं, तर ती रक्तदाब मोजता मोजता म्हणाली, "आजी, परदेशी लोक येतात कारण त्यांच्याकडे डोंगर नाही. तुम्हाला काय धाड भरली?" दाब मात्र चांगला निघाला. मला वाटलं होतं तोच अडवेल आणि सुटका होईल. तेही नाही.

भीती खूप वाटते, खोटं कशाला बोलू. थंडीची वाटते, त्या पाहुण्यांसमोर घसरून पडायची वाटते. आणि समजा वरच काही झालं, तर माझं तोंड कुठल्या बाजूला करतील? किबोवर उभ्या माणसाला किबो कुठल्या दिशेला? हे कुणालाच सांगता येत नाही, फानुएलीलाही नाही, आणि त्याच्याकडे परवाना आहे. तरी एवढी विनंती की त्याला एक शब्द कळवा, मामीला ने म्हणून.

तुमची,
ऐकाएली

ता. क. फानुएलीने मागचा परिच्छेद खांद्यावरून वाचला. म्हणतो, आईला विचारू नकोस, ती नाही म्हणेल आणि मग मला नेता येणार नाही. तर तुमच्या होकाराची आता गरज नाही.

ता. क. गरज दुसऱ्याच गोष्टीची आहे. मी नसताना गाईला कोण बघणार? ती परक्या हाताला दूध देत नाही, पण तुमचा हात तिच्या आईच्या ओळखीचा होता. या. सोबत इसालेचं पान गाठ मारून पाठवत आहे. ते माफीसाठी पाठवतात आणि हाती आल्यावर माणसाला राग सोडावाच लागतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. पान तुमच्या भावाच्या उशाच्या झुडपाचं आहे.

ता. क. काल बस चुकली, म्हणून पत्र घरीच राहिलं. आज सकाळी आभाळ स्वच्छ होतं. तुम्ही आलात तर नीट दिसावं म्हणून मी त्याच्यासमोरच्या तीन केळी तोडल्या आणि त्याच्या उशाशी बसून सरळ समोर पाहिलं. वन्सं, किबो डावीकडे राहतो. मावेन्झी उजवीकडे. तुमचंही चुकलं, किरीटाचंही. तो दोघांच्या मधल्या उघड्या माळाकडे बघतोय. मी फानुएलीला बोलावून दाखवलं आणि सांगितलं, शिखर राहू दे, मला तिथपर्यंतच ने.

तो म्हणाला, "मामी, तिथे काही नाही. नुसते दगड आणि वारा. तिथे कुणी थांबत नाही."

मी म्हटलं, "मी थांबेन."

मग मी तोडलेल्या केळींचे बुंधे गाईसाठी चिरून ठेवले, एक घड तुमच्यासाठी छपराला टांगला, आणि हे पत्र बसवाल्याच्या हातात दिलं.