फुल्यांखालचा पत्ता

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. मी मजेत आहे, तूही मजेत असशील, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं तर तू कशी आहेस याची मला काडीचीही कल्पना नाही, आणि तुझी ही 'भोचक' तुला ठाऊक आहे. एखादी गोष्ट कळली नाही की मला अन्न गोड लागत नाही.

'पत्र पाठवा, पण माझा पत्ता तिला देऊ नका,' हे तुझं उत्तर ऑफिसातल्या माझ्या वरिष्ठ मॅडमनी मला वाचून दाखवलं. पहिले दोन शब्द ऐकून मी खुर्चीतून उठलेच होते. पुढचं ऐकून खाली बसले.

आधी तुला आलेल्या त्या मेसेजचं सांगते. आमची कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. कोणाला काय झालंय, कुठल्या तपासण्या केल्या, सगळं आमच्याकडे कुलूपबंद असतं आणि ते सांभाळणाऱ्या टीममध्ये मी आहे. हसू नकोस! शेजारणीच्या पिशवीत डोकावणाऱ्या मलाच राखणीला बसवलंय. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

गंमत अशी, की राखणदारालाही आतलं दिसत नाही. नाव, नंबर, पत्ता, सगळ्यावर फुल्या. त्या काढायच्या तर आधी एका चौकटीत कारण लिहायचं. मग अक्षरं दिसतात, पण कोणी, कधी, काय पाहिलं याची नोंद राहते आणि ती मला पुसता येत नाही. सुरुवातीला मी सगळ्यांना भंडावून सोडलं होतं. त्या नोंदी बघणाऱ्यावर लक्ष कोण ठेवतं? त्याचीही नोंद होते म्हणे. मग तिच्यावर? शेवटी शेजारचा सहकारी, ज्याला आम्ही खडूस म्हणतो, हात जोडून म्हणाला, "बाई, तू जेवायला जा."

तर, दवाखान्याचे आठवणीचे मेसेज नीट जातात का हे तपासायला मला एक खोटी रुग्ण तयार करायची होती. नियम असा, की तिचं सगळंच खोटं हवं. नाव मी खोटं टाकलं. नंबर मात्र बोटांनी आपसूक तुझाच टाकला. मला पाठ असलेला तेवढा एकच. तो कधी लागायचाच नाही, म्हणून मी समजले, बंद पडला असेल. त्यात तपासणीतले मेसेज बाहेर जाऊ नयेत म्हणून एक बटण बंद करायचं असतं, तेही राहिलं.

'मी तुमच्याकडे कधी आलेच नाही. माझा नंबर तुम्हाला कोणी दिला?' ही तक्रार आली ती नेमकी माझ्याकडे. नंबरावर फुल्या, शेवटचे आकडे तेवढे उघडे, आणि ते तुझेच. म्हणजे नंबर चालू होता, आम्हा घरच्यांपुरताच बंद होता. मला फार लागलं ते. आणि खोटं कशाला सांगू, त्याच क्षणी आनंदाने उडी मारावीशीही वाटली.

तक्रारीत खाली तू लिहिलेला तुझा पत्ता होता, फुल्यांखाली. कुठलं गाव, कितवा मजला, एकटी राहतेस की कोणी आहे सोबत? कारणाच्या चौकटीत मी 'ती माझी ताई आहे' असं लिहिलंसुद्धा. मग तुझं कपाट आठवलं. तू लावलेलं इवलंसं कुलूप बाबांनी हातोडीने तोडलं, तुझी पत्रं जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचली, आणि तू म्हणालीस, "या घरात माझं म्हणून काही उरलंच नाही." दुसऱ्या दिवशी तू गेलीस. मी लिहिलेलं पुसलं आणि मॅडमसमोर जाऊन उभी राहिले.

त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं आणि तुझी तक्रार खडूसकडे सोपवली. मग मी पत्राचं विचारलं. म्हटलं, "तिला नुसतं 'कर्मचारी' म्हणून विचारा. बहीण कळलं तर ती नाही म्हणेल." त्या म्हणाल्या, "अर्धं सांगून घेतलेला होकार मी धरत नाही." म्हणून तुला सगळं खरं कळवलं, आणि तरी तू 'पाठवा' म्हणालीस!

बाबांचं लिहायचं मघापासून टाळतेय. ते थकलेत. हल्ली माझ्या खोलीत येताना दार वाजवतात. दार सताड उघडं असलं तरी वाजवतात आणि "येऊ का गं?" म्हणून बाहेरच उभे राहतात. मागच्या आठवड्यात त्यांनी तुझ्या कपाटाला नवं कुलूप आणलं. ती पत्रं इतकी वर्षं त्यांच्याकडे होती, ती आत ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. दुसरी कुठे, असं मी विचारलंच.

"दुकानातच मोडून टाकायला लावली," म्हणाले.

किल्ली या पाकिटात आहे. पाकीट मी चिकटवून देईन, पत्ता खडूस लिहील, माझ्याकडे पाठ करून. तू यावंस असं मला फार वाटतं. नाही आलीस तरी किल्ली तुझ्याकडेच राहू दे. आणि तुझा पत्ता मला कधी कळलाच, तर तो तुझ्याकडूनच कळू दे.

जन्मात पहिल्यांदाच न विचारता थांबलेली,
तुझी भोचक