आईचा उजवा हात आणि नवा नळ

गुंद, मंगळवार, दिवेलागणीला

उजवा हात लाव, असं मी आईला म्हणायला नको होतं.

दादानं बेळगावहून पाठवलेला नळ आज रामनगरच्या माणसानं बसवला. पिळायचा नाही. हात लागला की पाणी सुरू, पुन्हा लागला की बंद. खाली सेलची डबी आहे, तिला अंगाचा स्पर्श कळतो म्हणे. हात भरलेले असले तर नुसतं मनगट टेकवायचं. आईसाठीच घेतला. अंगावरून वारं गेल्यापासून तिचा उजवा हात लुळा, आणि डाव्यानं जुन्या नळाची चावी पिळवत नव्हती.

भाकरीचं पीठ मळून तिचा डावा हात मनगटाच्या वरपर्यंत खरकटा. खरकट्यानं ती नळाला कशी शिवेल? लाकडी पळी टेकवून बघितली. पाणी येईना.

"लाकूड चालत न्हाई आई, अंगच लागतं. उजवा लाव की."

उजवा स्वच्छ होता. तो कशालाच लागत नाही.

"मेलेला हात ह्यो. त्येला काय वळखतोय नळ?"

तरी डाव्या कोपरानं तिनं तो वर ढकलला. बोटं नळाला टेकली आणि पाणी भळभळा आलं. आई हसली. किती महिन्यांनी! "जित्ता हाय गं!" म्हणाली. मीही हसले, वेडी.

मग तिनं हात धारेखाली तसाच ठेवला. बघत राहिली. पाणी उजव्या हातावरून वाहतंय, वाहतंय. हसू कधी गेलं कळलंच नाही.

हळूच विचारलं तिनं, "पानी गार हाय का गं?"