सुनंदाचा कोरा कागद

मंगळवार, ११ नोव्हेंबर, दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

त्या मिनिटाला सुनंदाची बढती गेली. साहेबांनी मुलाखतीत तिला एक साधं इंग्रजी पत्र लिहायला दिलं आणि तिचा कागद कोराच राहिला. घरी जायची पोलादपूरची एसटी सोडून ती रडत माझ्याकडे आली. मी लगेच साहेबाचा उद्धार सुरू केला. माणसं घडवायची अक्कल नाही मेल्याला!

"त्यांचं काय नाय चुकलं, मॅडम," ती म्हणाली. "तुमी बाजूला नव्हतात. मला पहिली ओळच सुचली नाय."



मी रिटायर होईपर्यंत अठरा वर्षं ती माझ्या हाताखाली होती. तिचा प्रत्येक मसुदा मी लाल पेनाने खोडायचे, "सरक गं" म्हणायचे आणि स्वतःच लिहायचे. कॉन्व्हेंटचं इंग्रजी मिरवायचं होतं ना! तिला समजावायला दहा मिनिटं जास्त लागली असती, एवढंच. तो कोरा कागद माझाच.

दुसऱ्यांना मेमो देण्यात माझी सगळी नोकरी सरली. आजचा मेमो मला: सुनंदाला एकही पत्र पूर्ण का लिहू दिलं नाही? शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी खुलासा तिच्याकडे द्यावा. लाल पेन तिच्या हातात असेल.