साकवावर उभं राहायला माणूस

प्रिय दादा,

तू गेल्यावर तुझा कॅमेरा मी ठेवून घेतला. आपल्या शाळेच्या वाटेवरचा साकव आता पाडणार आहेत. एवढे जुने साकव टिपलेस, पण नेमका तोच तुझ्या फोटोंत नाही, म्हणून काल एकटीच गेले.

वर माणूस उभा असल्याशिवाय पूल केवढा ते कळत नाही, हा तुझा नियम. तो माणूस नेहमी मीच असायचे. काल तिथे कुणीच नव्हतं. मी काठावर नुसती थांबून राहिले.

गवताचा भारा घेऊन एक बाई आल्या. "मघापासून बघतेय, काढा की फोटो! पूल काय पळून जातोय?"

"वर कुणीतरी उभं हवंय."

"मग मी काय भूत आहे?" भारा खाली टाकून, केस सारखे करत त्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

तुझ्या जागेवरून मी पहिल्यांदाच पाहत होते. त्या बोटाएवढ्या दिसत होत्या. चेहरा तर कळतच नव्हता.

म्हणजे दरवेळी "हस की गं, रडूबाई!" म्हणून तू ओरडायचास, ते फोटोसाठी नव्हतंच.

तुझी,
धाकटी