खराटा माळ्यावर

मंगळवार, १७ जानेवारी १९७८
कोराडी कॉलनी

आजही आंगण झाडलं नाही. चौथा दिवस. पॉवर हाऊसच्या चिमणीची राख सगळीकडे बसली आहे. शेवटी शेजारच्या शांताबाईंनी विचारलंच, "काहून वं, खराटा मोडला का तुहा?"

मोडला नाही, माळ्यावर टाकलाय. समोरचं बिऱ्हाड बदली होऊन गेलं आणि त्यांच्या कुत्रीला, चंपीला, मागच्या खांबाला बांधून गेलं. मी सोडवून आणली तेव्हा नुसता हाडांचा सापळा, गळ्याला साखळीचा घट्टा. शनिवारी सवयीनं खराटा हातात घेतला, तर ती टाकीमागे जाऊन थरथरत मुतली. खराट्यानंच मारत असतील. मला आधी कसं सुचलं नाही?

उद्या माझ्याकडे हळदीकुंकू. हे म्हणतात, "बाया येऊन राहिल्या अन् आंगण असं?" असंच. राखेतून येतील.

कारण राखेत चंपीचे पाय उमटतात. मी भाकर ठेवून आत जाते, मग येऊन पाहते. रविवारी टाकीपासून दोन पावलं. काल तुळशीपर्यंत. आज दिवा लावायला गेले तर खुणा थेट पायरीपर्यंत, आणि पायरीवर, माझ्या चपलांना लागून, राखेत एक गोल जागा पुसलेली. हात लावला. ऊब होती अजून.

उद्या बायांना सांगणार आहे, चपला फाटकापाशीच काढा. पायरीवर फक्त माझ्या राहतील.