मल-सुनचे शून्य गुण

देगू, १४ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी इस्पितळात गेलो, दुपारी परतलो. ऊन होते. किमची संपली.

ताई, धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला?

मी मजेत आहे. आणि ऐक, आज मी रुग्ण झालो होतो! (घाबरू नकोस, खोटा.) तुझी भावजय मल-सुन शेवटचे सहा दिवस कॅन्सरच्या तातडीच्या विभागात होती, तेव्हा प्योबाई नावाच्या परिचारिका रोज एक तक्ता भरायच्या. खाणे, उठणे, संडास, कूस बदलणे, यांत परिचारिकेची किती मदत लागते त्याचे गुण. जास्त गुण, जास्त परिचारिका. पण इथे सगळे घरचेच करतात, तसे मीही केले. प्योबाई आल्या की मल-सुन माझ्याकडे डोळे वटारायची (लोकांना त्रास नको!) आणि मी म्हणायचो, "काही नको, आमचं झालंय सगळं." सहाही दिवस शून्य! मान उचलता न येणारी बाई कागदावर विभागातली सर्वांत धडधाकट. हे कळल्यावर ती इतकी हसली की नाकातली ऑक्सिजनची नळी निसटली. (तीही मीच बसवली, म्हणजे पुन्हा शून्य.)

तो कागद प्योबाईंनी जपून ठेवला, आणि आता तक्त्यात नवा रकाना आला आहे : 'हे काम कोण करते?' आमच्यामुळे, ताई! नव्या मुलींच्या सरावासाठी आज मला खाटेवर निजवले. मी उठून आधी चादर नीट केली.

"बाबा, जरा आजारी दिसा की!" प्योबाई ओरडल्या.

एका मुलीने विचारले, "घरी जेवायला काय करता?"

"भात."

"आणि?"

"भात."

सगळ्या हसल्या, मीही हसलो. मग तिने नव्या रकान्यावर पेन ठेवले. "मदत कोण करतं?"

"कोणी नाही."

"बाबा, यात 'कोणी नाही' असं लिहायची सोयच नाहीये."

आता तोही पर्याय घालणार आहेत. एका घराने दोन सुधारणा केल्या!

तुझा,
दो-शिक

ता. क. तू दर रविवारी फोनवर विचारतेस, तेव्हा मीही "काही नको" म्हणतो. ते मल-सुनच्या गुणांसारखेच समज.

ता. क. २. किमचीसाठी यंदाचे कोबी खारवायला येशील? मीठ किती, ते तिलाच माहीत होते. गुडघे दुखत असतील तर बसून नुसते सांग, करीन मी.

पत्र या रोजनिशीत उतरवून घेतले, पाकीट चिकटवले. आता तांदूळ धुतो.